श्वासाच्या जागा

माझ्या बापाला तुम्ही मारलंत, आणि खापर फोडलंत माझ्या भावाच्या डोक्यावर.

तुम्ही म्हणजे मंडळ. शहरातल्या ट्राम, त्यांचे रूळ, डेपो, वर्कशॉप, वर्कशॉपचा बँड आणि आम्ही, या सगळ्यांचं मालक असलेलं मंडळ. तुमच्यातल्या कोणाला नावाने हाक मारून विचारावं म्हटलं तर तीही सोय नाही, कारण तुमच्या कागदावर माणूस कधी नसतोच. तुमच्या चौकशीत असं आढळून आलं की ‘सदर रचनेच्या मांडणीत खर्जाच्या वादकांस श्वासाच्या जागा दिलेल्या नाहीत’. एवढं एक वाक्य. बाकी सगळी पानं हळहळ आणि फुलांचा गुच्छ. या एका वाक्याने माझा भाऊ बसल्या जागी संपत चाललाय. बाप तर गेलाच, त्याला आता मी परत आणू शकत नाही. भाऊ अजून आहे, आणि तो मला हवाय. म्हणून पहिल्यापासून सांगते. मध्ये बोलू नका.

माझे बाबा ब्रेक-फिटर. उभं आयुष्य त्यांनी ट्रामच्या पोटाखाली आडवं पडून काढलं. संध्याकाळी रॉकेलने हात धुवायचे, साबणाने रॉकेलचा वास घालवायचा प्रयत्न करायचा आणि बँडच्या तालमीला जायचं. ते ट्यूबा वाजवायचे. लहान मूल मांडीवर घेतल्यासारखं धरतात ते सगळ्यात मोठं पितळी वाद्य, ज्याचं तोंड छताकडे असतं आणि ज्याचा आवाज कानाच्या आधी खुर्चीला कळतो, ते. बँडमध्ये असे दोनच. दुसरा बुटकेकाकांचा. बुटकेकाका ट्राम-ड्रायव्हर, अख्ख्या डेपोत सगळ्यात उंच, प्रत्येक दारात वाकून शिरणारे. म्हणूनच नाव बुटका. या दोघांना सगळा बँड बैलजोडी म्हणायचा, आणि दोघांनाही ते आवडायचं. आई गेल्यापासून घरात आम्ही तिघं, पण जेवायला बहुतेक वेळा चौघं.

दादा तुमच्याच नोकरीत. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर. छत्र्या, चष्मे, एकाच हाताचे हातमोजे, आणि वर्षातून एकदा कोणाची तरी कवळी. लोक सगळं विसरतात ट्राममध्ये. या खिडकीवर बसून, ग्रंथालयातून आणलेली जाडजूड पुस्तकं वाचून तो मांडणी शिकला. मांडणी म्हणजे मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं संगीत आमच्या पितळी बँडला वाजवता येईल असं नव्याने लिहून काढणं. सांगायला सोपं आहे. तिकडे साठ-सत्तर माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त तारांची. आमच्याकडे तार नावाला नाही. व्हायोलिनचं काम कॉर्नेटला, म्हणजे आखूड ट्रम्पेटला, द्यायचं, चेलोचं युफोनियमला, म्हणजे ट्यूबाच्या धाकट्या भावाला, आणि ओबोने गायलेलं गाणं कोणाला द्यायचं यावर आठवडा काढायचा. कॉर्नेटला दिलं तर रस्त्यापलीकडून हाक मारल्यासारखं वाटतं. शेवटी ते फ्ल्यूगलहॉर्नला जायचं. दादा त्याला कॉर्नेटची मवाळ मावशी म्हणायचा.

मी वर्कशॉपमध्ये ट्रामच्या सीटा शिवते आणि बँडमध्ये तिसऱ्या रांगेत कॉर्नेट वाजवते, बरी वाजवते. घरी माझं कापायचं टेबल आहे, लांबलचक. त्याच्या एका टोकाला मी रेक्झिन कापायची, दुसऱ्या टोकाला दादा सिंफनी कापायचा.

"एवढं मोठं उस्तादाचं काम, त्याला कात्री लावताना हात नाही कापत तुझा?" मी एकदा विचारलं होतं.

"तू सीट शिवतेस ती कोणाच्या मापाने?"

"सगळ्यांच्या. म्हणजे कोणाच्याच नाही."

"तिथेच फरक आहे," तो म्हणाला. "मी एकेकाच्या मापाने शिवतो."

खरंच तसं होतं. तो वाद्यासाठी लिहीत नसे, माणसासाठी लिहीत असे. ट्रोंबोनवाल्या सुताराने पुढचे दात नवे बसवले, तर त्याला ते रुळेपर्यंत वरच्या उड्या नाहीत. हॉर्नवाली कॅन्टीनबाई बाळंतपणानंतर परत आली, तर तिच्या ओळी थोड्या आखूड. आणि हे कोणाला कळू द्यायचं नाही. कळलं तर रागावतात.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र वेगळी होती. व्हायोलिनला फुफ्फुस नसतं. त्याचा गज एका टोकाला पोचला की उलटा फिरतो आणि सूर तुटत नाही. वाजवणारा जांभई देईल, पण सूर चालूच. आमच्याकडे गज नाही, छाती आहे. ती रिकामी होते. ऑर्केस्ट्राचं कुठलंही मोठं काम घ्या, त्यात न श्वास घेता पसरलेला सूर कुठे ना कुठे असतोच, आणि मांडणी करणाऱ्याची खरी परीक्षा तिथे असते.

नव्या मार्गाच्या उद्घाटनाला बँडने ‘काहीतरी भारदस्त’ वाजवावं, असं तुमच्याकडून आलं. नेहमीचे मार्च नकोत. दादाने एका जुन्या उस्तादाच्या सिंफनीचा संथ भाग काढला. तो त्याच्या मनात कधीपासून होता. त्याच्या शेवटी एकेक वाद्य बाजूला होत जातं, घर रिकामं होत गेल्यासारखं, आणि उरतं फक्त एक गाणं आणि त्याच्या तळाशी खर्जाचा एकच सूर. तो सूर मूळ कामात डबल बेस धरतात. आठ-दहा माणसं, आठ-दहा गज. पानं उलटतात, सूर हलत नाही.

"बाबा, हा तुमचा," दादा म्हणाला.

बाबा भांडी विसळत होते. "केवढा आहे?"

दादाने गाणं गुणगुणायला सुरुवात केली आणि बाबांनी नळाखाली हात तसेच ठेवून खालचा सूर धरला. तोंड मिटून, नाकातून. पातेलं भरून वाहायला लागलं. बाबांचा चेहरा लाल झाला, मग त्यांनी सूर सोडला आणि हसत म्हणाले, "मेलो. बुटक्याला बोलाव."

बुटकेकाका आले. दोघं स्वयंपाकघरात शेजारी शेजारी स्टुलावर बसले आणि तोच सूर धरला. तो संपलाच नाही. एक श्वास घ्यायचा तेव्हा दुसरा धरून ठेवायचा, दुसरा घ्यायचा तेव्हा पहिला. सांधा कुठे आहे ते शोधूनही सापडत नव्हतं, आणि कापडाचे सांधे लपवण्यात माझं आयुष्य गेलंय.

ते कसं करायचे, ते तुमच्या चौकशीने विचारलंच नाही, म्हणून सांगते. कोपराने. दम संपत आला की एकजण दुसऱ्याच्या बरगडीला कोपर लावायचा. म्हणजे, मी सोडतोय, तू धर. श्वास घेऊन परत आला की पुन्हा कोपर. म्हणजे, आलो, आता तू जा. एवढंच. बाबांच्या बँडच्या कोटाचं उजव्या बरगडीपाशी कापड विरलं होतं, मी त्याला आतून दुसरं लावून दिलं होतं. ही रीत कोणी शिकवली नाही, कुठे लिहिलेली नाही.

दादाला ती लिहायची होती. हे नीट ऐका, कारण तुमचं ते वाक्य इथूनच निघालंय.

"बाबा, इथे खुणा करून टाकतो," तो म्हणाला. "एकदा तुमचा श्वास, एकदा काकांचा."

"आम्हाला?" बाबांच्या हातात टॉवेल होता, तो त्यांनी खांद्यावर टाकला. "अरे, तू दुपट्यात होतास तेव्हापासून आम्ही हे करतोय. आता तू आम्हाला श्वास घ्यायला शिकवणार?"

"शिकवत नाही, नुसतं लिहून ठेवतो."

"बुटक्या, ऐकलंस का? आपल्याला आता कागद बघून श्वास घ्यायचाय."

"आणि पान उलटायला उशीर झाला तर?" बुटकेकाका म्हणाले. "तेव्हा काय, खिशातला घ्यायचा?"

सगळे हसलो. दादाही हसला आणि त्याने पेन्सिल खाली ठेवली. त्याने खुणा केल्या नाहीत, हे खरं आहे. त्या का केल्या नाहीत, ते हे असं आहे.

आणखी एक गोष्ट. आदल्या वर्षी बाबांच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली होती. तुमच्याच दवाखान्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाजवा खुशाल, फक्त कुंथायचं नाही. बैलजोडीला कुंथावं लागतच नसे. बाबांनी ते डॉक्टरांना बुटकेकाकांना शेजारी उभं करून दाखवलं होतं, तिथे तपासणीच्या खोलीत, तोंडाने सूर काढून. नर्सबाई दारात येऊन बघत होत्या.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी आम्ही सभागृहात पोचलो. मंचावर खुर्च्या मांडून झाल्या होत्या. तुमचे समारंभसाहेब, पांढरा शर्ट, गळ्यात पट्टा, हातात कागदांची चवड, कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात डोकं घालून उभे होते. कार्यक्रम टीव्हीवर थेट जाणार होता.

"हे दोन मोठे भोंगे एकाच बाजूला का?" ते म्हणाले. "चित्र एकीकडे कलंडतंय. एक या टोकाला घ्या, एक त्या टोकाला."

आमचे बँडमास्तर म्हणाले, "साहेब, ते शेजारी बसतात. पहिल्यापासून."

"शाळेत आहेत का? वेगळं बसवलं तर रडतील?"

"साहेब, आमचं लग्न झालंय," बुटकेकाका म्हणाले.

बँड हसला. साहेबही हसले. "मग आजच्या दिवस एकाला माहेरी पाठवा," ते म्हणाले, आणि शिपायांनी बाबांची खुर्ची उचलली.

असं ठरलं ते. हसण्यावारी. कोणी ओरडलं नाही, कोणी धमकी दिली नाही. असं काही झालं असतं तर निदान आम्ही हटून तरी बसलो असतो.

दादा मंचावर चढला. मी त्याला कधी कोणासमोर आवाज चढवताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही त्याने चढवला नाही. "साहेब, मांडणी माझी आहे. शेवटी दोघांना शेजारी बसावंच लागतं."

"का?"

"श्वासासाठी."

"श्वास घ्यायला शेजारी लागतो?" साहेबांनी आजूबाजूला बघितलं, पण या वेळी कोणी हसलं नाही. मग ते हळू आवाजात म्हणाले, "हे बघा, पाहुणे निघालेत. मला चित्र नीट हवंय. तुम्ही कुठल्या विभागात?"

"हरवलेल्या वस्तू."

"मग जागा हरवली तर मी तुमच्याकडे येईन."

दादाने बँडमास्तरांकडे पाहिलं. बँडमास्तर कोटाची बटणं लावत होते, आधीच लावलेली. "एका दिवसाचा प्रश्न आहे," ते म्हणाले.

मग दादा पेन्सिल घेऊन बाबांकडे गेला. मी मागेच होते. "बाबा, आता तरी करू द्या खुणा. कोपर कसं पोचणार इथून?"

"काही नको. बुटक्याचा श्वास मला पाठ आहे. कोपर लावतो ती नुसती सवय." बाबा त्या एकट्या खुर्चीत बसून ट्यूबाचं तोंड फडक्याने पुसत होते. "आणि तू घाबरू नकोस. मांडणी फार छान झालीय रे. शेवट तर... जा, खाली जाऊन ऐक."

हा हट्टीपणा होता. मी तो लपवत नाही. हट्टी माणसाला मरणाची शिक्षा असं तुमच्या नियमांत कुठे असेल तर दाखवा.

वाजलं मात्र असं की बँडच्या जन्मात तसं वाजलं नसेल. माझ्या रांगेत बारीकसारीक चुका झाल्या, त्या कोणाला कळल्या नाहीत. सुताराचे दात नीट बसले. कॅन्टीनबाईचा हॉर्न गायला. आणि मग एकेकजण वाद्य मांडीवर घेऊन गप्प होत गेला, जसं दादाने लिहिलं होतं. माझी ओळ संपली तेव्हा मी कॉर्नेट खाली घेतला आणि डावीकडे बाबांना बघत बसले. आता फक्त मवाळ मावशीचं, फ्ल्यूगलहॉर्नचं, गाणं होतं आणि दोन टोकांना दोन ट्यूबा. एकच सूर. सभागृहात कोणी खाकरत नव्हतं.

तो सूर इतका स्थिर होता की मला आधी आनंद झाला. रोज त्यात एक अगदी सूक्ष्म हालचाल असायची, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी. त्या दिवशी ती नव्हती. सरळ रेघ. आणि मग मला कळलं. हालचाल नव्हती, कारण कोणीच श्वास घेत नव्हतं.

बाबा वाट बघत होते की बुटक्याने आधी घ्यावा. बुटकेकाका वाट बघत होते की बाबांनी घ्यावा, त्यांची नळी नाजूक. दोघांनाही वाटत होतं की दुसरा आता सोडेल आणि तेव्हा आपण धरलेलं पाहिजे. एवढ्या वर्षांत सूर मध्येच टाकून द्यायचं दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. ही चूक दुसरं कोणी करूच शकलं नसतं. भांडकुदळ जोडी असती तर दोघं वाचले असते.

दादाला माझ्याही आधी कळलं. तो खाली बाजूच्या वाटेत उभा होता. त्याने हात वर केला, छातीवर आपटला, पुन्हा वर केला. श्वास घ्या, श्वास घ्या. बाबा बँडमास्तरांच्या काठीकडे बघत होते. मग दादा मंचाच्या पायऱ्यांकडे धावला. पायऱ्यांपाशी समारंभसाहेब उभे होते. त्यांनी त्याचा दंड धरला. दादा चित्रात येत होता ना. मी बघितलं. दादा काहीतरी बोलला, साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दंड सोडला नाही. सूर तेवढा वेळ चालू होता. त्यांच्या बोटांखाली दादाच्या शर्टाला पडलेल्या चुण्या मला अजून दिसतात.

मग डावीकडून आवाज गेला. तुटला नाही, नुसता नाहीसा झाला. बाबांचं डोकं ट्यूबाच्या मागे गेलं, जणू काही पडलेलं शोधतायत. शेजारच्याने ट्यूबा धरला म्हणून तो खाली आपटला नाही.

आणि आता जे सांगते ते तुमच्या अहवालात नाही. उजव्या टोकाला बुटकेकाकांनी तो आवाज गेलेला ऐकला. समोर बँड, कॅमेरे, फुलं, दिसत काही नव्हतं. त्यांना वाटलं, आला एकदाचा श्वास घ्यायला. त्यांना हायसं वाटलं, हे त्यांनीच मला सांगितलं. म्हणून त्यांनी धरून ठेवला. तो परत येईपर्यंत धरायचा, ही रीत. ते धरून राहिले. गाणं संपलं तरी धरून राहिले. बँडमास्तरांनी काठी खाली घेतली तरी. ओठ निळे पडले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते बाबांची वाट बघत राहिले.

लोक उभे राहिले. शेवटच्या त्या लांब सुरासाठी टाळ्यांचा पाऊस पडला. टीव्हीवर तुम्ही फुलं दाखवलीत.

चौकशी झाली. बँडमास्तरांना बोलावलंत, साहेबांना बोलावलंत. बुटकेकाकांना नाही, ते तेव्हा तुमच्याच दवाखान्यात पडून होते आणि नंतर कोणाला आठवण राहिली नाही. मला नाही, मी तर मुलगी, मी काय रडणारच. दादाला एक प्रश्न विचारलात. कागदावर श्वासाच्या खुणा आहेत का? तो म्हणाला, नाहीत. तुम्ही म्हणालात, बस. आणि तो तसाच घरी आला.

तेव्हापासून तो खिडकीवर जातो, येतो, जेवतो. कोणी विचारलं तर उत्तर देतो. पण त्याने आपल्या सगळ्या जुन्या मांडण्या बाहेर काढल्यात, आणि घरी असला की माझ्या टेबलाच्या त्या टोकाला बसून त्यांत श्वासाच्या खुणा करतो. प्रत्येक वाद्याला, प्रत्येक ओळीत, कुठे कुठे दर दोन सुरांना. त्या खुणा पाळल्या तर बँड वाजणार नाही, नुसता धापा टाकेल. मी बोलून बघितलं. त्याला ते ऐकू येत नाही.

एका रविवारी बुटकेकाका आले. ते आता वाजवत नाहीत. दारात वाकले, आत आले, आणि दादाच्या खांद्यावरून बघत उभे राहिले.

"हा कोणाचा कागद?"

"ढोलाचा," दादा म्हणाला.

"अरे, ढोलाला कशाला श्वास?"

"असू द्यात."

 काका स्टूल ओढून शेजारी बसले. "हे बघ, तुझी चूक नाही. मी सोडायला हवा होता. मला माहीत होती त्याची नळी. मी आधी सोडला असता तर त्याने धरला असता आणि मग..."

"तुम्ही कसे सोडणार? खूण नव्हती. मी केली नव्हती."

"आम्हीच करू दिली नाही तुला."

"तुमचं ऐकायला नको होतं मी."

"पण वाजवत मी होतो ना रे!"

दारात उभी राहून माणसं आधी तुम्ही, आधी तुम्ही करतात, तशी ही दोन माणसं माझ्या बापाच्या मरणावरून एकमेकांना मागे सारत होती. मी कात्री आपटली. म्हटलं, "ज्याने दंड धरला तो कुठेय? तो येतोय का तुमच्यात बसायला?"

दादाने मान वर केली. "मी जोर लावला असता तर सुटला असता," तो म्हणाला. "मीच हिसडा नाही दिला. साहेब होते ना."

त्याच्या आत काय चाललंय ते मला तेव्हा कळलं. खुणा हा नुसता कागद आहे. त्याला खरं खातंय ते हे, की त्या पायऱ्यांवर आपण वेळेवर पोचलो असतो का. आणि तुमच्या अहवालात तो पायऱ्यांपाशी गेलाच नाही. कोणी कोणाला धरलंच नाही. म्हणजे त्याने काही केलंच नाही.

मी अर्ज केला. ते वाक्य काढा आणि घडलं ते लिहा. उत्तर नाही. दुसरा केला. उत्तर नाही. शेवटी तुमच्या चौकशीच्या नंबरावर फोन लावला. सुट्टीची दुपार होती, मी रेक्झिन कापत होते, म्हणून फोन स्पीकरवर टेबलावर ठेवला. बाईंचा आवाज आला, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा. आणि मग मवाळ मावशी गायला लागली.

मला आधी कळेचना. मग खालून तो सूर आला.

तुम्ही ते लावलंय. वाट बघणाऱ्यांचं मन रमावं म्हणून. छान वाजलं होतं ना, चित्रीकरण हाताशी होतंच. टाळ्या कापल्यात, शेवट ठेवलात.

दादा आतल्या खोलीत होता. तो दारात येऊन उभा राहिला. मी फोन बंद करायला हात पुढे केला. तो म्हणाला, "नको. रांगेतला नंबर जाईल."

आम्ही दोघांनी ऐकलं. सरळ रेघ. दादाने एक बोट वर केलं. "इथे," तो म्हणाला. आणि तिथे सूर बारीक झाला, जाड दोरातला एक पीळ सुटावा तसा. सांगितलं नाही तर कोणाला कळणार नाही. त्यानंतरचे एकटे बुटकेकाका. मग पुन्हा त्या बाई, आपला कॉल महत्त्वाचा आहे, आणि पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा ती जागा आली. पुन्हा दादाचं बोट. माझे बाबा किती वेळा गेले त्या दुपारी, मला मोजता आलं नाही.

शेवटी कोणीतरी उचलला. तरुण मुलगा होता, आवाज गोड. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, हा आमचा विभाग नाही. मी तुम्हाला जोडून देतो." आणि पुन्हा मावशी.

तर आता मला जोडून देऊ नका. तुमच्या समारंभसाहेबांना समोर बसवा, नाहीतर तुम्ही बसा. चित्रीकरण तुमच्याकडे आहे, पायऱ्यांवरचा कॅमेराही होता, मी तो पाहिला होता. माझा भाऊ कोणत्या सुराला धावत सुटला, कोणत्या सुरापर्यंत त्याला धरून ठेवलं होतं, आणि मधल्या तेवढ्या वेळात बाबा अजून श्वास घेऊ शकत होते का, हे तुम्हाला बघून सांगता येईल. मला दोषी नको, फुलं नकोत, मला भाऊ परत हवाय. त्याला तोंडावर सांगा. तुम्ही धरलं नसतंत तर तो पोचला असता की नाही? बोला.